निर्माल्याचा खड्डा

दापोलीची गाडी स्टँडात शिरली तेव्हा आत्माराम नागवेकर संगमेश्वरच्या गाडीसाठी ताटकळत उभा होता. शनिवारची अर्ध्या दिवसाची कचेरी आटपून तो तसाच इकडे आला होता. संगमेश्वरच्या मेहुणीने कंडक्टरच्या हाती हळीव पाठवले होते, चिमासाठी. चिमा म्हणजे त्याची एकुलती लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. आणि माहेरी आलेल्या पोटुशीसाठी कोण कुठून काय पाठवील याला धरबंध नसतो. संगमेश्वरची गाडी रिवाजाप्रमाणे उशिरा होती. दापोलीच्या गाडीतून मात्र सावर्डेकर उतरला, खांद्याला शबनम, डोळ्यांवर झोप. हा पोरगा त्यांच्याच आळीत भाड्याने राहायचा. मातीची परीक्षा करणाऱ्या खात्यात नोकरी, आणि वर कसलासा अभ्यास: कचऱ्याचं खत घातलं की मातीत आणि भाजीपाल्यात कुठले कुठले धातू उतरतात, असला काहीतरी. आत्मारामला त्या अभ्यासाचं भारी कौतुक. त्यानेच आपण होऊन आपल्या खड्ड्यातलं खत पिशवी भरून त्याच्या हवाली केलं होतं. "उकिरड्याच्या खताशेजारी आमचं ठेवा आणि मग बोला," असं वर बजावलंही होतं. म्हणून आता सावर्डेकर दिसताच त्याने लांबूनच हात वर केला.

"काय, लागला का निकाल? पहिला नंबर ना आमचा?"

"पहिलाच आहे काका," सावर्डेकर जवळ येत म्हणाला, "पण शिशात."

"कशात?"

"शिसं हो, धातू. गावच्या कचऱ्याच्या खतात थोडंफार असतंच. सेल, पत्र्याचे डबे, काय काय पडतं त्यात. पण तुमचं त्याच्या कितीतरी पट निघालं. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून परत करून बघितलं, तरी तेच. खड्ड्यात कुणी रंगबिंग ओतला का?"

"छे! निर्माल्य आहे ते. फुलं, दूर्वा, रुईचे हार. देवाचं सगळं."

"मग आलं कुठून?" सावर्डेकरने डोकं खाजवलं. मग आत्मारामचा चेहरा बघून तो घाईघाईने समजावू लागला. "घाबरू नका हो. मुरलेलं खत शिशाला घट्ट धरून ठेवतं, सहसा सोडत नाही. पानांत ते फार चढतही नाही. पण आपली जांभ्याची माती आंबट, तिच्यात थोडं सुटतं. आणि खत जसजसं जिरत जातं तसं धरायला कोणी उरत नाही. खत संपतं, शिसं राहतं. ते काय कुजायचं नाही. तूर्त त्या वाफ्यातली पालेभाजी खाऊ नका. पोरंबाळं, गरवार बायका, यांना तर नकोच. पानावर मातीची धूळ बसते ना, ती जास्त वाईट. आणि माती सरळ पोटातच गेली तर मग विचारूच नका. पण माती कोण खातंय म्हणा!" असं म्हणून तो हसला, समोर आलेल्या रिक्षात बसला आणि गेलासुद्धा.

संगमेश्वरची गाडी आली, कंडक्टरने "नागवेकर कोण?" म्हणून हाळी दिली, पुरचुंडी हातात पडली, सगळं झालं, पण हे सगळं दुसऱ्याच कुणाच्यातरी बाबतीत घडत असल्यासारखं झालं. माती कोण खातंय. आत्माराम चालायला लागला. रिक्षा करावी असं त्याला सुचलंच नाही. खरं तर त्याला घरी लवकर पोचायचं नव्हतं, आणि एक क्षणही उशीर करून चालणार नव्हतं. दोन्ही एकाच वेळी. बाजाराच्या गर्दीत माणसं त्याला ओलांडून जात होती, ओळखीची माणसं, "काय निर्माल्यशेट!" म्हणणारी. हे नाव त्याला आळीने दिलं होतं आणि ते त्याला आतून फार आवडायचं. पूर्वी आळीतलं निर्माल्य समुद्रात सोडायचे. सकाळी सोडलेलं भरतीबरोबर परत यायचं, वाळूत लोळायचं, कुत्री त्यावर बसायची. कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून जे देवावरून काढून इतक्या जपून न्यायचं, ते शेवटी सगळ्या गावाच्या पायाखाली. मग आत्मारामने डोकं चालवलं. मारुतीच्या देवळामागच्या पडीक जागेत त्याने खड्डा खणवला, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधवला, आणि आळीला सांगितलं, देवाचं सगळं इथे. त्यात उष्टं नको, खरकटं नको, केर नको. देवाचं ते देवाच्या मातीत. पहिल्या वर्षी खड्डा उघडला तेव्हा आतून काळंभोर, मऊ, रानातल्या वासाचं खत निघालं, आणि बायकांनी त्याला हात जोडले होते. खताला हात जोडलेले कुणी बघितलेत? आत्मारामने बघितले होते. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, आयुष्यात सह्या आणि शिक्के सोडून आपल्या हातून एक गोष्ट झाली.

शिसं आलं कुठून? हा प्रश्न त्याने मनाशी फिरवला आणि तो फिरवताना त्याच्या लक्षात आलं की आपण नुसता फिरवतोय. उत्तर मघाशी स्टँडावरच, सावर्डेकर "रंगबिंग" म्हणाला तेव्हाच, आपल्याला ठाऊक झालं होतं. इतकी वर्षं तो बंदरखात्याच्या कचेरीत कारकुनी करत होता. कचेरीच्या खिडकीतून खाली होड्या ओढून लावलेल्या दिसायच्या, आणि रंगारी त्यांच्या पोटाला तो लाल-नारिंगी अस्तराचा रंग लावत बसलेले. केरू रंगारी त्यांच्यातलाच. केरूच्या पोटात कळा यायला लागल्या, मग मनगटं लुळी पडली, पेला धरवेना, तेव्हा आत्मारामनेच त्याला डॉक्टरकडे पाठवलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे शिशाचं आहे, ह्या लाल रंगातलं, ह्याला रंगापासून लांब करा. केरू तेव्हा काय म्हणाला होता? "सायब, ह्यो तर शेंदूरच की. देवाला लावतात त्योच. देव कवा लुळा पडलाय?" सगळे हसले होते. आत्मारामही हसला होता. म्हणजे ऐकलं होतं. कानांनी स्पष्ट ऐकलं होतं, आणि तरी होडीचा लाल आणि मारुतीचा लाल हे त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते, त्या खोल्यांना मधे दारच नव्हतं. आज कुणीतरी मधली भिंत लाथेने पाडली. मारुतीला दर शनिवारी तेल-शेंदूर. तेल-शेंदरात भिजलेले रुईचे हार. ते हार दर रविवारी खड्ड्यात. चला, एवढंच असतं तरी त्याने मनाची समजूत घातली असती. हार ते किती आणि त्यांना लागलेला शेंदूर तो किती! पण एवढंच नव्हतं. कवच होतं.

गेल्याच्या गेल्या साली, पंच्याऐंशीच्या श्रावणात, मारुतीचं कवच सुटलं. वर्षानुवर्षांचे शेंदराचे थर एकावर एक चढून देव आपला गोलमटोल झालेला असतो. मग एके दिवशी आपोआप ती सगळी खोळ सुटून येते आणि आतून मूळचा देव निघतो, बारीक, काळा, नाकीडोळी नीटस. मोठा योग मानतात. बायकांनी ओवाळलं, नारळ फुटले. सुटलेलं कवच वाजत गाजत दर्यात नेऊन सोडायचं असतं, पण श्रावणातला दर्या, लाटा धक्क्यावरून पलीकडे पडत होत्या. भागोजी गुरव आत्मारामकडे आला. "देवाचा कवच सुटलाय आनि होडी घालायला कोन तयार नाय. काय करायचा सांगा." आणि आत्माराम म्हणाला, हो, आत्मारामच म्हणाला, दुसरं कोणी नव्हे: "दर्या कशाला? आपला खड्डाही देवाचाच आहे." दोघांनी मिळून ते उचललं होतं. किती जड! केवढंसं दिसत होतं आणि हात खांद्यातून निखळतात की काय असं झालं. "देवाचा भार हाय," भागोजी म्हणाला होता, आणि आत्मारामच्या अंगावर खरोखर काटा आला होता भक्तीने. मग आख्खं कवच खड्ड्यात दिसायला बरं दिसेना, म्हणून त्याने स्वतः फावड्याने ते फोडलं, खाली मारून मारून त्याचा भुगा केला, वर फुलं पसरली. भुगा पावसात विरघळल्यासारखा दिसेनासा झाला होता. दिसेनासं झालं म्हणजे झालं, असंच आपण समजत असतो. आणि मग त्या खड्ड्याचं खत गेल्या दसऱ्याला मागीलदारच्या वाफ्यात पडलं, आणि वाफ्यात लाल माठ असा तरारून आला की सावित्री, त्याची बायको, रोज कुणाला ना कुणाला बोलावून दाखवायची. "शेंदरासारखा लाल बघा!" अगदी हेच शब्द. शेंदरासारखा लाल.

मुलांची शाळा सुटली होती, फुटपाथावर हिरव्या वाटाण्याचे ढीग होते, आणि आत्माराम त्या ढिगांमधून वाट काढत मनातल्या मनात सावर्डेकरशी वाद घालत होता. फार चढत नाही म्हणालात ना? खत धरून ठेवतं म्हणालात ना? मग झालं! खत आहे अजून, भरपूर आहे, धरून ठेवील. सावित्री माठ धुतेही चांगला, पाणी नितळ होईस्तोवर. फार नाही गेलं पोटात. फार नाही. पण 'फार नाही' म्हणजे किती, हे कोण सांगणार? चिमाच्या पोटातल्या त्या एवढ्याशा जिवाला किती म्हणजे फार? हिचं पहिलं गेलं होतं. मुंबईला, भाड्याच्या खोलीत, जावई बोटीवर, जवळ चिटपाखरू नाही. पोर एकटी दवाखान्यात गेली आणि एकटी परत आली, आणि मग तिने पत्रसुद्धा पाठवलं नाही, एकदम स्वतःच आली होती, बॅग दारात ठेवून म्हणाली होती, "बाबा, झोपू दे मला." म्हणून तर ह्या वेळी आत्मारामने तिला आधीच आणलं, सातवा लागायच्या आत. डोळ्यांत तेल घालून जपायचं ठरवलं. मुंबईची भाजी नको, गटाराच्या पाण्यावरची. आपल्या दारची घाल तिला, सावित्री, आपल्या देवाच्या खतावरची. रोज घाल. आणि सावित्रीने रोज घातली. सकाळ-संध्याकाळ घातली.

देवळाशी आल्यावर त्याचे पाय थांबले. शनिवार होता, भागोजी मारुतीला तेल घालत होता, आणि बोटं शेंदरात बुडवून मारुतीच्या खांद्यावरून वरखाली फिरवत होता, आजी नातवाला तेल लावते तशी. देव परत गोल व्हायला लागला होता. दोन श्रावण गेले नाहीत तोच. आत्मारामला वाटलं, ओरडावं, भागोजी, हात काढ, धू आधी ते! पण तोंडातून निघालं ते भलतंच. "भागोजी, ते कवच आठवतं का रे?"

"आठवतंय तर! तुमीच बोललात, दर्यात कशाला, खड्डा पन देवाचाच हाय. बरा झाला बगा. आळीत भाजी काय पिकत्ये!" भागोजीने बोटाला लागलेला शेंदूर पानाच्या तुकड्यावर निपटला. "घ्या, चिमाला लावा. पोटुशीला नजर लवकर लागते."

आत्मारामने पान घेतलं. नाही म्हणणं त्याला जमलं नाही. ह्या देवळात त्याने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. चिमा तान्ही असताना, तापाने फणफणली असताना, ह्याच देवाचा शेंदूर त्याने तिच्या कपाळाला लावला होता आणि सकाळी ताप उतरला होता. तेव्हाही तो हाच होता का, हेच शिसं? मग तेव्हा तारलं कुणी? हातात हळिवाची पुरचुंडी, दुसऱ्या हातात शेंदूर, असा तो आळीचा उतार उतरू लागला. वाटेत जांभ्याच्या गडग्यांमागे घराघरांची मागीलदारं दिसत होती, आणि प्रत्येक मागीलदारी लाल माठाचा चौकोन. ते खत त्यानेच वाटलं होतं, पाटी पाटी, हौसेने, घरोघर जाऊन. "देवाचं आहे, नाही म्हणू नका." कुणी नाही म्हटलं नव्हतं. गडग्यापलीकडे शेजारच्या येसूबाईचं मागीलदार, तिथला माठ तर त्याच्या घरच्यापेक्षा भारी. आत्मारामने मान फिरवली. चोरासारखा आपल्याच आळीतून चाललोय आपण, असं त्याच्या मनात आलं.

आणि इतका वेळ तो जे बाजूला सारत आला होता ते तिथे, घराच्या फाटकाशी, फाटकाची कडी काढताना, त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं. माती कोण खातंय म्हणा.

चिमा लहानपणी माती खायची. गडग्याच्या सांदीतली, चुलीच्या कडेची, मिळेल ती. आत्माराम तिला धरायचा, तिच्या तोंडाखाली आपला तळवा पसरायचा आणि म्हणायचा, "थूक, चिमे. बाबाच्या हातावर थूक." ती डोळे मोठे करून बघायची, मग थुंकायची, ओल्या मातीचा तो एवढासा गोळा त्याच्या तळव्यावर पडायचा आणि दोघंही हसायची. मोठी झाली तशी खोड गेली. आता ह्या दिवसांत ती खोड परत आली होती. बायकांना लागतात असे डोहाळे, सावित्रीने हसत हसत सांगितलं होतं, "तुमच्या लेकीला मातीचे डोहाळे लागलेत हो, पाणी शिंपलं की वाफ्याशी जाऊन वास घेत बसते." वास घेत बसते! आत्मारामला कोण आनंद झाला होता. एका संध्याकाळी तो वाफ्याशी गेला, चिमा उकिडवी बसून मातीकडे बघत होती, लहानपणी बघायची तशीच, चोरटी. म्हणाली, "बाबा, फार वाटतंय हो. आई ओरडेल." आणि आत्मारामने काय केलं? त्याने वाफ्यातलं वरचं, चाळलेलं, काळं, मऊ खत चिमटीत घेतलं. खडे आहेत का बघितले. आणि ते तिच्या तळहातावर ठेवलं, देवळात ठेवतात तसं. "खा. चिमूटभराने काय होतंय? हा तर प्रसादच आहे." तिने ते डोळे मिटून खाल्लं होतं. तिच्या तोंडावरचं ते सुख! मग रोजचंच झालं ते, बापलेकीचं गुपित, सावित्रीच्या नकळत. संध्याकाळी तो कचेरीतून आला की तिचा हात पुढे व्हायचा. कालही झाला होता. काल त्याने चिमूट जरा मोठीच घेतली होती, लाडाने.

माठ नव्हे. धूळ नव्हे. त्याने स्वतः, स्वतःच्या हाताने.

मागीलदारी चिमा पायरीवर बसली होती, पोटावर हात ठेवून, ऊन खात. सावित्री वाफ्यात वाकून माठ उपटत होती. आत्मारामने पुरचुंडी पायरीवर ठेवली, शेंदराचं पान खिशात कोंबलं. "आलात बाबा?" चिमा म्हणाली आणि आईची पाठ आहेसं बघून हळूच हात पुढे केला, मिस्किल हसत. आत्मारामने त्या हाताकडे पाठ फिरवली. तो तसाच वाफ्यात घुसला आणि दोन्ही हातांनी माठ उपटायला लागला. मुळासकट, मातीसकट, ओळच्या ओळ.

"अहो! अहो, काय चाललंय काय? एवढा कशाला? रात्रीपुरता काढत्येय ना मी!"

"कीड आहे."

"कुठे कीड? एवढा देखणा माठ!"

"आतून आहे. दिसत नाही. सगळ्या वाफ्यात आहे," आत्माराम म्हणाला, आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं, की हे खोटं किती सहज आलं, आणि त्यातलं किती खरं होतं. "सावर्डेकर सांगत होता. खाऊ नका म्हणाला. माती पण काढून टाकायची सगळी."

सावित्री कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेली कीड ती! आता कुठे पोरीच्या अंगाला लागत होतं," आणि पदर खोचून तीही उपटायला लागली. बस्स, एवढं सोपं होतं! आत्मारामच्या छातीवरचं ओझं थोडं सरकलं. कीड. कुणाला काही सांगायला नको. चिमाला घाबरवायला नको. ह्या दिवसांत भीती म्हणजे विषच की. माती रातोरात काढू, चुना मारू, बाजारातून माठ आणू, आणि डॉक्टरांना एकटंच गाठून विचारू, दुसऱ्याच कुणाचं तरी सांगून. आळीलाही सांगू, कीड आहे म्हणून. झाकली मूठ. काय झालं असेल ते असेल, नसेल झालं तर उगाच कशाला? तो भराभर उपटत होता, त्याचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते, आणि तो जवळजवळ हसण्याच्या बेतात होता.

"अगो सावित्रीबाय, हायस काय?" गडग्याची झापडी ढकलून येसूबाई आली. येसूबाई म्हणजे शेजारीण, सत्तरीची, आळीतल्या अर्ध्या पोरांना न्हाऊ-माखू घातलेली. तिच्या हातात सावित्रीचीच पितळी होती. सावित्रीने परवा त्यातून माठाचा वानवळा पाठवला होता. आणि वानवळ्याचं भांडं कुणी रिकामं परत देत नाही. येसूबाईने ते शिगोशीग भरून आणलं होतं. वर फडकं झाकलं होतं.

"तुझा माठ माझ्या नातवाने चाटूनपुसून खाल्लान. म्हटलं आता माझा घे. ह्यांच्याच खतावरचा हाय, देवाच्या." तिने फडकं काढलं. माठच होता, कोवळा, धुतलेला, पानांवर अजून थेंब होते. आणि मधोमध एका द्रोणात काळी माती. येसूबाई चिमाकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली, "आनि ही तुझ्या डोहाळ्यांची. तुझी आई सांगत व्हती. चाळून आणलीय हो, खडा नाय की काय नाय. खा, बाय. म्या पन खायची माझ्या वक्ताला."

चिमा खुदकन हसली. तिने पितळी मांडीवर घेतली, पोटाला टेकवून, आणि दुसरा हात द्रोणाकडे नेला.

"थांब," आत्माराम म्हणाला.

आवाज त्याचा नव्हताच. सावित्रीने चमकून वर बघितलं. आत्माराम वाफ्यातून पायरीशी आला आणि चिमासमोर उकिडवा बसला. इथून किडीची थाप पुढे जात नव्हती. येसूबाईचा नातू होता, अजून बोबडं बोलणारा. गडग्यांमागचे ते सगळे लाल चौकोन होते. आणि चिमाची ती बोटं होती, चिमटीच्या आकारात जुळलेली, अर्ध्या वाटेत. त्याने तिचा हात धरला. तो गरम होता, लहानपणी असायचा तसाच.

"कीड नाहीये," तो म्हणाला. "शिसं आहे. मारुतीच्या शेंदरातलं. मी कवच फोडून खड्ड्यात घातलं, ते मातीत उतरलं. केरू लुळा पडला ना, तेच. येसूबाई, तुमच्याकडचा पण नका खाऊ. कुणीच नका. पोराला तर नकोच नको. मी आत्ता जाऊन घरोघर सांगतो. आणि चिमे, सकाळी उठून आपण डॉक्टरकडे जायचं. ते म्हणाले तर मुंबईला. मी तुझ्याबरोबर येतो, एकटीने नाही जायचं. काही झालंही नसेल गो. नसेलही. पण मला ठाऊक नाही. मला काहीच ठाऊक नाही."

येसूबाईने तोंडाला पदर लावला. सावित्रीच्या हातात उपटलेल्या माठाची जुडी तशीच होती, ती तिने खाली टाकायला हात पुढे केला आणि मागे घेतला, कुठे टाकावी ते न कळून. चिमा आपल्या पोटाकडे बघत होती. मग तिने सावकाश डोळे वर केले, आणि आत्मारामला तेच डोळे दिसले, मोठे, विश्वासाने भरलेले, थूक म्हटल्यावर थुंकणारे.

"बाबा," ती म्हणाली, "पण तो प्रसाद होता ना? तुम्हीच दिलात ना मला?"

"होय गो," आत्माराम म्हणाला. "मीच दिला. रोज."

आणि बोलता बोलता, त्याच्याही नकळत, त्याचा मातीने काळा झालेला तळवा तिच्या तोंडाखाली पसरला गेला.